वाफेचा व्हॉल्व्ह घेण्याआधी : विट्यातल्या सायझिंगवाल्यांसाठी खर्चाचा हिशेब

विट्यात बऱ्याच सायझिंगमध्ये खळ शिजवायच्या टाकीचं तापमान एका माणसाच्या मनगटात असतं. तो चाक फिरवून वाफ सोडतो, खळ रटरटायला लागली की थोडा वेळ थांबतो आणि चाक बंद करतो. माणूस जुना असेल तर काम निभावतं. रात्रपाळीला दुसरा आला की तीच खळ कधी कच्ची राहते, कधी जास्त उकळून पातळ होते. मग बीम मागावर चढल्यावर तारा तुटायला लागतात आणि दोष सुताला लागतो. या तालुक्यातले गलाईवाले देशभर सोन्याचा रंग बघून भट्टी ओळखतात, नजरेवर भरवसा ठेवायची इथं परंपराच आहे. पण खळ ८५ अंशांवर आणि ९५ अंशांवर डोळ्याला जवळपास सारखीच दिसते. तिथं नजर कामाची नाही.

म्हणून मालक विचारतो, "हे ऑटोमॅटिक करायला किती लागतील?" सांगली, इचलकरंजी, पुणे अशा तीन ठिकाणांहून कोटेशन मागवली तर एक पंचवीस हजारांचं येतं, दुसरं साठ हजारांचं आणि तिसरं पावणेदोन लाखांचं. तिघेही खरं बोलत असतात, कारण तिघांनी वेगवेगळ्या वस्तू सांगितलेल्या असतात. त्यातली आपल्याला कुठली हवी हे आधी आपण ठरवायचं. खाली दिलेल्या किमती लहान मापाच्या, नेहमीच्या बाजारी मालाच्या ढोबळ किमती आहेत. त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. कंपनी आणि धातू बदलला की आकडा बदलतो, तेव्हा त्यांच्याकडं अंदाज म्हणून बघा.

पहिला खर्च व्हॉल्व्हवर नको

वाफ आपल्याला किलोमागं किती रुपयांना पडते, हे फार थोड्या मालकांना माहीत असतं. बॉयलरच्या फीड पंपाच्या लाइनीवर गरम पाण्याचं मीटर बसवा. पाच ते दहा हजारांत येतं. महिनाभर रोज सकाळी त्याचा आकडा आणि जाळलेल्या ब्रिकेटचं वजन एकाच वहीत लिहा. पाण्याला इंधनानं भागलं की एक किलो इंधनात किती किलो वाफ झाली ते कळतं. ब्लोडाउनला सोडलेलं पाणी तेवढं वजा धरा.

उदाहरण म्हणून धरू, की ब्रिकेट साडेसात रुपये किलोनं पडते आणि एका किलोत साडेचार किलो वाफ निघते. मग वाफ किलोला साधारण १ रुपया ७० पैशांना पडली, तीही फक्त इंधनाच्या हिशेबानं. मजुरी, वीज आणि पाणी मऊ करायचं मीठ त्यात नाही. पुढचा सगळा हिशेब मी याच आकड्यावर केला आहे. तुमचा आकडा तुमच्या वहीतून घ्या. बॉयलर जुना असेल, ब्रिकेट ओली येत असेल, तर वाफ याहून बरीच महाग पडत असेल.

पाइप बघून व्हॉल्व्ह घेऊ नका

दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "लाइन किती इंची?" आपण सांगतो, "दीड इंची." तो दीड इंची व्हॉल्व्ह काढून देतो. सर्वांत जास्त पैसा इथंच वाया जातो, कारण कंट्रोल व्हॉल्व्हचं माप पाइपवरून ठरत नाही. तासाला किती वाफ लागणार यावरून ठरतं.

हे गणित घरी करता येतं. पाचशे लिटरची टाकी ३० अंशांवरून ९५ अंशांवर न्यायची आहे. खळीचं वजन आणि उष्णता पाण्यासारखीच धरली तर ५०० गुणिले ६५, म्हणजे ३२,५०० किलोकॅलरी. वाफ थेट टाकीत सोडली तर एक किलो वाफ साधारण ५६० किलोकॅलरी देते. म्हणजे ५८ किलो वाफ लागली. हे काम वीस मिनिटांत उरकायचं असेल तर वेग झाला तासाला सुमारे १७५ किलो.

आता व्हॉल्व्हची क्षमता. ती केव्ही या आकड्यात सांगतात, आणि चांगल्या कंपनीच्या माहितीपत्रकात तो असतोच. वाफेचा दाब व्हॉल्व्हच्या पुढं निम्म्याच्याही खाली जात असेल, तर वाफ साधारण १२ गुणिले केव्ही गुणिले अलीकडचा दाब इतकी जाते. हा दाब हवेचा एक किलो मिळवून धरायचा. दाबाच्या घड्याळावर तीन किलो असेल तर चार. १७५ भागिले ४८ केलं की केव्ही येतो ३.६. बाजारातला पाऊण इंची ग्लोब कंट्रोल व्हॉल्व्ह साधारण ६.३ केव्हीचा असतो, म्हणजे तो निम्म्याहून थोडा जास्त उघडून निवांत काम करेल. दीड इंचीचा केव्ही २५ च्या आसपास. तो बसवला तर जेमतेम १४ टक्के उघडेल.

कमी उघडला तर बिघडलं काय? एवढं कमी उघडलं की प्लग सीटला जवळजवळ चिकटून राहतो. मधल्या केसभर फटीतून वाफ प्रचंड वेगानं जाते आणि तिच्यासोबत पाण्याचे थेंबही जातात. वर्ष-दोन वर्षांनी असा व्हॉल्व्ह खोलला की सीटच्या कडेवर तारेनं कापल्यासारखी आडवी खाच दिसते. नखानं ती लागते. एकदा ती पडली की व्हॉल्व्ह पूर्ण बंद करूनही वाफ गळत राहते, आणि तापमान वर-खाली नाचतं ते वेगळंच. एवढं करून दीड इंचीची किंमत पाऊण इंचीच्या दीडपट ते दुप्पट. कंट्रोल व्हॉल्व्ह वीस ते ऐंशी टक्के उघडा राहील असं माप घ्यावं. लाइन दीड इंची असली तर व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना रिड्यूसर लावायचे. त्यात कमीपणा काही नाही, कारखान्यांत असंच असतं.

जो विक्रेता टाकी किती लिटरची, किती मिनिटांत तापवायची आणि दाब किती, हे न विचारता भाव सांगतो, त्याचं कोटेशन बाजूला ठेवा.

चार रस्ते, चार किमती

सर्वांत स्वस्त रस्ता म्हणजे चालू-बंद पद्धत. टाकीत पीटी-१०० सेन्सर, भिंतीवर डिजिटल कंट्रोलर आणि वाफेला चालणारा सोलेनॉइड किंवा हवेवर चालणारा अँगल सीट व्हॉल्व्ह. ९५ झाले की वाफ बंद, ९२ ला आले की चालू. सेन्सर त्याच्या खोळीसकट दीड ते तीन हजार, कंट्रोलर दीड ते चार हजार, व्हॉल्व्ह पाच ते बारा हजार. वर छोटं पॅनेल, वाय स्ट्रेनर, बायपासचे हाती व्हॉल्व्ह आणि फिटरची मजुरी. सगळं मिळून पंचवीस ते चाळीस हजार. खळ शिजवायच्या टाकीला एवढं पुरतं, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथं अर्ध्या अंशाची अचूकता कुणालाच नको आहे. ठरलेल्या तापमानाला वाफ थांबावी आणि ठरलेली मिनिटं खळ तिथं राहावी, एवढंच हवं आहे. सोलेनॉइड घेताना मात्र 'वाफेसाठी' असं कागदावर लिहून घ्या. पाण्याच्या सोलेनॉइडमधलं रबर वाफेत काही आठवड्यांत फुगतं.

दुसरा रस्ता वीज आणि हवा दोन्हींशिवाय चालणारा, म्हणजे स्वयंचलित तापमान व्हॉल्व्ह. द्रव भरलेला एक बल्ब टाकीत सोडलेला असतो. तापमान वाढलं की द्रव फुगतो आणि बारीक नळीतून व्हॉल्व्ह दाबतो. नुसता व्हॉल्व्ह पंचवीस ते साठ हजार, बसवून पंचेचाळीस ते पंच्याऐंशी. सूत खळीत बुडतं त्या सो बॉक्समध्ये खळ दिवसभर एकाच तापमानाला धरायची असते, कारण तापमान हललं की तिचा दाटपणा हलतो आणि सुतावर बसणारी खळ कमी-जास्त होते. तिथं हा व्हॉल्व्ह चांगला. लाइट गेली तरी त्याचं काम थांबत नाही. पण ती बारीक नळी दुमडली किंवा कुणाच्या पायाखाली आली की अख्खं यंत्र बाद. नळी पत्र्याच्या पट्टीत झाकून घेणं ही अट समजा.

तिसरा रस्ता पुण्याच्या पावणेदोन लाखांच्या कोटेशनमधला. हवेवर चालणारा डायफ्रॅमचा ग्लोब कंट्रोल व्हॉल्व्ह, त्यावर पोझिशनर आणि कंट्रोलरकडून येणारा ४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नल. सिग्नल शून्याऐवजी चारपासून सुरू होतो, म्हणून तार तुटली तर ते लगेच कळतं. व्हॉल्व्ह पोझिशनरसह पंचेचाळीस ते नव्वद हजार, स्मार्ट पोझिशनर घेतला तर आणखी वर. पण खरा खर्च हवेचा. पोझिशनरला कोरडी, तेल नसलेली हवा लागते आणि व्हॉल्व्ह हलत नसतानाही तो थोडी हवा खात राहतो. ड्रायर, फिल्टर रेग्युलेटर, तांब्याची नळी असं धरून एक ते पावणेदोन लाख होतात. वाळवायचे सिलिंडर बरेच असलेल्या मोठ्या सायझिंगला, दुधाच्या प्लँटला, साखर कारखान्याला हाच रस्ता योग्य. पाचशे लिटरच्या एका टाकीसाठी हा पैसा घालू नये.

चौथा म्हणजे विजेच्या मोटरचा व्हॉल्व्ह, पस्तीस ते ऐंशी हजार. हवेची कटकट नाही. पण लाइट गेली की साधा मोटर व्हॉल्व्ह जिथं असेल तिथंच उघडा राहतो आणि वाफ टाकीत जातच राहते. स्प्रिंगनं आपोआप बंद होणारा घ्यायचा तर किंमत बरीच चढते. वीज जाण्याचा भरवसा नसलेल्या जागी वाफेवर साधा मोटर व्हॉल्व्ह मी सुचवणार नाही. हवेचा व्हॉल्व्ह घेतानाही कोटेशनवर 'हवा गेल्यास बंद' असं लिहून घ्या, कारण उलटा व्हॉल्व्हही तेवढ्याच किमतीत मिळतो आणि बाहेरून तसाच दिसतो.

खर्च वसूल कधी होतो? वर काढलेल्या १७५ किलोच्या वेगानं वाफ प्रत्येक घाण्याला दहा मिनिटं जास्त चालू राहिली तर २९ किलो वाफ फुकट जाते, म्हणजे पन्नासएक रुपये. दिवसाला सहा घाणे आणि महिन्याला पंचवीस दिवस धरले तर सात हजार चारशे. पहिल्या रस्त्याचे पैसे चार ते सहा महिन्यांत निघतात. तारा कमी तुटल्या आणि स्टार्च कमी नासलं, तो फायदा यात धरलेलाच नाही.

कोटेशनमध्ये नसलेल्या वस्तू

वाफ थेट टाकीत सोडणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा. व्हॉल्व्ह बंद झाला की पाइपात अडकलेली वाफ थंड होऊन तिचं पाणी होतं आणि पाइपात पोकळी तयार होते. ती पोकळी टाकीतली खळ वर ओढते. खळ पाइपात चढते, व्हॉल्व्हच्या सीटवर जाते आणि तिथं वाळून बसते. "नवा व्हॉल्व्ह दोन महिन्यांत अडकला" अशी तक्रार आली की मी आधी व्हॅक्यूम ब्रेकर लावलाय का ते विचारतो. बहुतेकदा नसतो. दोन ते चार हजारांची ही वस्तू आणि तेवढ्याच किमतीचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नसला, तर चाळीस हजारांचं काम मातीत जातं.

थेट वाफेचा दुसरा परिणाम पाण्याचा. ५८ किलो वाफ म्हणजे ५८ लिटर पाणी खळीत आलं. ते आधीच वजा धरून टाकीत पाणी कमी घ्यायचं. तापमान हातानं सांभाळलं जात असताना हे पाणी रोज वेगळं असायचं, म्हणून खळीचा दाटपणाही रोज वेगळा. नियंत्रण बसल्यावर ते एकसारखं होतं. मग स्टार्चचं प्रमाण एकदा नव्यानं ठरवून घ्यावं लागतं, हे फिटर सांगत नाही.

व्हॉल्व्हच्या अलीकडं वाय स्ट्रेनर हवाच. एक ते अडीच हजारांची वस्तू आहे. बसवल्यावर आठवडाभरात तिची जाळी काढून बघा, वेल्डिंगचे मणी आणि गंजाचे पापुद्रे निघतील. नवी पाइपलाइन केली असेल तर व्हॉल्व्ह बसवण्याआधी अर्धा तास लाइन वाफेनं मोकळी करून घ्या. स्ट्रेनरचं पोट वाफेच्या लाइनीत आडवं ठेवायचं, खाली नाही. खाली ठेवलं की त्यात पाणी साठतं आणि वाफ ते पाणी दगडासारखं व्हॉल्व्हवर आपटते.

सेन्सर कुठं बसतो यालाही महत्त्व आहे. वाफेच्या तोंडासमोर बसवला तर टाकी थंड असतानाच तो ९५ दाखवेल. तळाच्या कोपऱ्यात बसवला तर उशिरा जागा होईल. खळ ढवळली जाते तिथं, वाफेच्या तोंडापासून लांब बसवावा. त्याच्या खोळीवर खळीचा थर वाळत जातो. तो आठवड्याला खरवडला नाही तर सेन्सर तापमान उशिरा सांगतो, आणि लोक कंट्रोलर बदलत बसतात.

सेन्सर खरा की खोटा हे साध्या मल्टीमीटरनं कळतं. पीटी-१०० म्हणजे शून्य अंशाला बरोबर १०० ओहम. बर्फाच्या चुऱ्यात थोडं पाणी घालून त्यात तो दहा मिनिटं ठेवा आणि ओहम मोजा. मग उकळत्या पाण्यात धरा. विटा पठारावर आहे. दर तीनशे मीटर उंचीला पाणी साधारण एक अंश कमी तापमानाला उकळतं, त्यामुळं इथं ते ९८ अंशांच्या आसपास उकळतं. त्या वेळी १३७.७ ओहमच्या जवळ आकडा आला पाहिजे. १०० अंश दाखवत नाही म्हणून सेन्सर परत करणारे असतात, त्यांनी हे लक्षात घ्यावं. मल्टीमीटरच्या तारांचा अर्धा-पाऊण ओहम आधी वजा करा. तीन तारांचा पीटी-१०० घ्या आणि त्याची केबल मोटरच्या केबलपासून वेगळ्या पाइपातून न्या. मोटरचा वेग बदलणारा व्हीएफडी असेल तर हे फारच गरजेचं.

दाबाची घड्याळं स्वस्तातली दोनशे-पाचशेला मिळतात, स्टीलची ग्लिसरीन भरलेली आठशे ते अडीच हजारांना. घड्याळ आणि लाइन यांच्यामध्ये वळणाचा सायफन पाहिजेच. त्या वळणात पाणी साठतं आणि जिवंत वाफ घड्याळाच्या नळीपर्यंत पोचत नाही. दोन-चारशे रुपयांच्या सायफनशिवाय अडीच हजारांचं घड्याळही लवकर खोटं बोलायला लागतं. नेहमीचा दाब चार किलो असेल तर घड्याळ सात किलोचं घ्या, काटा मधल्या भागात राहील.

सिलिंडरकडं बघा, तिथं जास्त पैसा जातो

सगळं लक्ष टाकीवर असतं, पण सायझिंगमध्ये वाफ सर्वांत जास्त जाते ती वाळवायच्या सिलिंडरना. बॉयलर सात किलोवर चालतो आणि त्या दाबाची वाफ १७० अंशांची असते. सिलिंडरना तेवढी नको असते. मध्ये दाब कमी करणारा पीआरव्ही लागतो. इंची पीआरव्ही पंधरा ते चाळीस हजार, त्याच्यापुढं सेफ्टी व्हॉल्व्ह वेगळा. तीन किलोला वाफ १४३ अंशांच्या आसपास असते, एक किलोला १२०. सूत किती जाड आणि मशीनचा वेग किती, यावर दाब ठरतो. हाती व्हॉल्व्ह अर्धवट बंद करून दाब उतरवायची सवय सोडावी. सिलिंडर थांबले की त्या व्हॉल्व्हच्या पुढचा दाब बॉयलरइतका चढतो, आणि सिलिंडर त्या दाबाचे नसतात. इथं पैशापेक्षा माणसांचा जीव मोठा आहे.

प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा स्टीम ट्रॅप, म्हणजे साठलेलं पाणी बाहेर सोडून वाफ अडवणारा, असावा. अर्धा इंची थर्मोडायनॅमिक ट्रॅप दीड ते चार हजारांना मिळतो, सिलिंडरसाठी फ्लोट ट्रॅप जास्त योग्य, पण तो महाग. ट्रॅप बिघडतो दोन तऱ्हांनी. बंद अडकला तर सिलिंडर थंड पडतो आणि ओरड लगेच होते. उघडा अडकला तर सगळं व्यवस्थित चालल्यासारखं दिसतं आणि वाफ गुपचूप गटारात जात राहते. तीन मिलिमीटरच्या भोकातून सात किलो दाबाला तासाला तीसएक किलो वाफ निघून जाते. दिवसाला सोळा तास आणि महिन्याला सव्वीस दिवस धरले तर साडेबारा हजार किलो, म्हणजे एकवीस हजार रुपये. तीन किलो दाबाला याच्या निम्मं. एका ट्रॅपचे महिन्याला दहा हजार! कंट्रोल व्हॉल्व्हसाठी पैसे साठवणाऱ्यानं आधी ट्रॅप बदलावेत, हे मी आग्रहानं सांगतो.

ट्रॅप तपासायला महागडं यंत्र लागतंच असं नाही. थर्मोडायनॅमिक ट्रॅपवर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून मुठीला कान लावा. चांगला ट्रॅप टक् करून उघडतो, थोड्या वेळानं टक् करून मिटतो. सतत खडखड येत असेल तर चकती झिजली. ट्रॅपच्या पुढं छोटा तपासणी व्हॉल्व्ह असेल तर तो उघडून बघा. गरम पाण्यातून सुटणारी पांढरी, मऊ वाफ असणारच. तोंडाशी रंग न दिसणारा, शिट्टी मारणारा झोत आला तर ती जिवंत वाफ आहे. हात लांब ठेवा.

ट्रॅपमधून आलेलं पाणी गटारात सोडू नका, फीड टाकीत परत आणा. ते गरम असतं आणि क्षार नसलेलं असतं. विट्याच्या आसपासचं बोअरचं पाणी जड. टेंभू योजनेचं पाणी शिवारात आलं तरी अनेक युनिट बोअरवरच आहेत. मऊ न केलेल्या जड पाण्याचा थर बॉयलरच्या नळ्यांवर बसतो, आणि वाफेबरोबर उडून आलेले क्षार व्हॉल्व्हच्या दांड्यावर पांढरे पापुद्रे धरतात.

जुना माल आणि कागद

साखर कारखाने, रासायनिक कंपन्या यांच्या लिलावातून निघालेले व्हॉल्व्ह भंगारवाल्याकडं निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. काही खरोखर चांगले असतात. घेताना धातूची पाटी बघा. तिच्यावर माप, दाबाचा वर्ग, प्लग-सीटचा धातू, केव्ही आणि स्प्रिंगचा पल्ला असतो. पाटी काढलेला व्हॉल्व्ह घेऊ नका, त्याचे सुटे भाग मागवताच येत नाहीत. पाटी असेल तर आधी कंपनीला सीट, प्लग, पॅकिंग आणि डायफ्रॅम यांचा भाव विचारा. हा संच नव्या व्हॉल्व्हच्या वीस ते चाळीस टक्क्यांपर्यंत जातो, आणि तो धरला की जुन्यातला स्वस्तपणा बऱ्याचदा उरत नाही.

कायद्याचा भाग थोडक्यात. १९२३ चा बॉयलर कायदा जाऊन २०२५ चा आला आहे. राज्यात बाष्पके संचालनालय तपासणी करतं. साडेतीन किलोच्या वरच्या दाबाची वाफेची लाइन नियमांच्या कक्षेत येते, आणि तिच्यावरच्या व्हॉल्व्हला उत्पादकाचं फॉर्म तीन-सी प्रमाणपत्र लागतं. भंगारातल्या व्हॉल्व्हला ते नसतं. म्हणून तो बॉयलरजवळच्या लाइनीवर बसवता येत नाही. कंट्रोल व्हॉल्व्ह कितीही भारी घेतला तरी तो सेफ्टी व्हॉल्व्हचं काम करत नाही, आणि गळतो म्हणून सेफ्टी व्हॉल्व्हची स्प्रिंग आवळणं हा गुन्हाच समजा.

दूध आणि साखर

दुधाच्या प्लँटचं गणित वेगळं. तिथं दूध ७२ अंशांवर १५ सेकंद राहिलंच पाहिजे, आणि तापमान घसरलं तर दूध मागं वळवणारा व्हॉल्व्ह क्षणात फिरला पाहिजे. दोन अंश जास्त दाखवणारा सेन्सर म्हणजे कच्चं दूध पिशवीत. तिथं एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळेतून दरवर्षी कॅलिब्रेशन करून घेण्यात कंजुषी नको. सेन्सरमागं आठशे ते दीड हजार, दाबाच्या घड्याळामागं पाचशे ते हजार रुपये लागतात. वांगीचा सोनहिरा किंवा बामणी-पारेचा उदगिरी यांच्यासारख्या साखर कारखान्यांत गाळप सुरू झालं की महिनोन् महिने थांबता येत नाही. त्यामुळं सगळे व्हॉल्व्ह हंगामाआधीच खोलून बघावे लागतात. त्यांच्याकडं इन्स्ट्रुमेंटेशनची स्वतःची माणसं असतात. आपल्याकडं नसतात, म्हणून आपल्याला साधी यंत्रं हवीत.

वर्षाचा सांभाळ

हवेचा व्हॉल्व्ह असेल तर फिल्टर रेग्युलेटरच्या वाटीतलं पाणी रोज सकाळी सोडा. पावसाळ्यात दोनदा. पोझिशनर बिघडण्याचं सर्वांत मोठं कारण हे पाणी आहे, आणि पोझिशनर बदलायला आठ ते चाळीस हजार लागतात.

दांड्याशी वाफ फुसफुसायला लागली की ग्लँडचे नट दोन्ही बाजूंनी सारखे, एका वेळी पाव फेराच आवळा. कचकचून आवळलं तर दांडा अडकतो आणि व्हॉल्व्ह झटके देत चालतो. टेफ्लॉनचं पॅकिंग आपल्या दाबाच्या वाफेला पुरतं, ग्रॅफाइटसाठी जादा पैसे द्यायची गरज सायझिंगमध्ये सहसा नसते. सहा महिन्यांनी व्हॉल्व्हला ४, ८, १२, १६ आणि २० मिलिअँपिअर देऊन दांडा शून्य, पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण सरकतो का ते पट्टीवर बघून तारखेसह लिहून ठेवा. पुण्याचा माणूस बोलावला की दिवसाचे चार ते आठ हजार आणि प्रवासखर्च. आयटीआयमधून इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक झालेला गावातला मुलगा हे काम दीड-दोन हजारांत करतो. त्याला बसवण्याच्या दिवशीच तिथं उभा करा, कंपनीच्या माणसाकडून सगळं शिकून घेऊ द्या. वार्षिक देखभाल करार घ्यायचा असेल तर सुटे भाग त्यात आहेत की फक्त भेटी, हे तारखेसह लिहून घ्या.

वॉरंटीचं वाक्य बहुतेक कोटेशनांत एकच असतं, चालू केल्यापासून बारा महिने किंवा पाठवल्यापासून अठरा महिने, जे आधी संपेल ते. माल आणून गोदामात ठेवला तर वॉरंटी खोक्यातच सरते. आणि हे काम बॉयलर थंड असतानाच होतं, म्हणजे माग बंद असतात त्या दिवाळीच्या सुट्टीत. कंट्रोल व्हॉल्व्ह मागवल्यावर यायला चार ते सहा आठवडे लागतात, फॉर्म तीन-सी हवा असेल तर कधी जास्तच. दिवाळीत बसवायचा असेल तर टाकीचं माप, दाब आणि मिनिटं लिहिलेली ऑर्डर गणपतीच्या आतच गेलेली बरी.